सोसायटीचा ग्रुप आणि सोसायटीचे ॲप : चार वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

पुण्यात सिंहगड रस्त्यावर, नदीपासून फार लांब नसलेल्या पण चढावर असल्यामुळे आजवर कोरड्या राहिलेल्या आमच्या ११२ सदनिकांच्या सोसायटीत २०२१ सालापासून शेजाऱ्यांना जोडणाऱ्या दोन ऑनलाइन सोयी शेजारी शेजारी नांदत आहेत. त्यांपैकी एक सभासद आणि भाडेकरू अशा सर्वांचा व्हॉट्सॲप ग्रुप. दुसरे एक वर्गणीचे ॲप, ज्यात फाटकावरच्या नोंदी, मेंटेनन्सची बिले, तक्रारी, सूचना आणि शेजाऱ्यांच्या गप्पांसाठी राखलेला एक विभाग असा सगळा संसार आहे. या चार वर्षांपैकी दोन वर्षे मी सोसायटीची सेक्रेटरी होते, त्यामुळे दोन्ही सोयी वापरणारी आणि दोन्हींबद्दल बोलणी खाणारी अशा दुहेरी नात्याने हा अभिप्राय लिहीत आहे. ॲपचे नाव मी मुद्दाम देत नाही. बाजारातली अशी बहुतेक ॲप थोड्याफार फरकाने एकाच साच्यातली आहेत, आणि आमच्या अडचणी त्या साच्यातून जितक्या आल्या तितक्याच आमच्या वागण्यातूनही आल्या.

आधी ॲपविषयी. पूर्वी आमच्या फाटकावर सुतळीने पेन्सिल बांधलेले एक रजिस्टर असे आणि त्यात दिवसातून दहा जण ‘कुरियर’ एवढेच लिहून आत येत. आता वॉचमन येणाऱ्याचे नाव, मोबाइल क्रमांक आणि छायाचित्र घेतो, आपल्या फोनवर सूचना येते आणि आपण होकार दिला की माणूस वर येतो. नोकरीनिमित्त दिवसभर बाहेर असणाऱ्या घरांना, विशेषतः घरी एकटे आजी-आजोबा असलेल्या घरांना, ही सोय खरोखरच दिलासा देणारी आहे. माझ्या मते मात्र ॲपचा सर्वांत मोठा उपयोग फाटकावरचा नाही, तो तक्रारींच्या नोंदीचा आहे. ‘मी सेक्रेटरींना जिन्यात सांगितले होते’ हाच ज्या तक्रारीचा एकमेव पुरावा असे, तिला आता क्रमांक आणि तारीख मिळते, प्लंबर कधी आला ते कळते, आणि तीच गळती तिसऱ्यांदा झाली हेही लपत नाही. दर सदनिकेमागे महिन्याला एखाद्या वडापावाची किंमत पडते. तेवढ्या पैशांत हे काम स्वस्तच म्हणावे लागेल.

परंतु येणाऱ्या-जाणाऱ्यांची जी छायाचित्रे आणि क्रमांक साठत जातात त्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न आम्ही करारावर सही करताना विचारलाच नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संसदेत संमत झाला तेव्हा एका तरुण सभासदाने हा विषय काढला. आम्ही करार पुन्हा वाचला, तर ही माहिती किती काळ ठेवली जाईल याविषयी त्यात एक ओळही नव्हती. कंपनीला पत्र लिहिले आणि उत्तर म्हणून नव्या सुविधांचे रंगीत माहितीपत्रक आले. शेजाऱ्यांच्या गप्पांसाठी असलेल्या विभागाविषयी तर लिहिण्यासारखे फारसे नाहीच. क्रेडिट कार्डे, रंगकाम आणि हिंजवडीतील नव्या गृहप्रकल्पांच्या जाहिरातींमध्ये शेजारी शोधावा लागतो, हे लक्षात आल्यावर लोकांनी तो विभाग सोडला आणि सगळ्या गप्पा व्हॉट्सॲपवर गेल्या.

त्या ग्रुपची खरी किंमत आम्हाला २५ जुलै २०२४ रोजी कळली. पहाटे खडकवासला धरणातून मुठा नदीत सोडल्या जाणाऱ्या पाण्याचा विसर्ग सुमारे ३५ हजार क्युसेकपर्यंत वाढवण्यात आला आणि आमच्यापासून जवळच असलेल्या एकतानगरी परिसरातील सोसायट्यांच्या तळमजल्यांत पाणी शिरले. साडेपाचच्या सुमारास ‘क’ इमारतीतील एका ताईंनी ग्रुपवर लिहिले की त्यांचा भाऊ, भावजय आणि आठ महिन्यांचे बाळ अंगावरच्या कपड्यांनिशी गच्चीवर आहेत. कोणाकडे रिकामी खोली आहे का? आमच्याकडे तीन सदनिका बंद होत्या. एकीचे मालक नाशिकला, एकीचे जर्मनीत आणि तिसरीचे बंगळुरूला असतात. यांपैकी जर्मनीतील गृहस्थांचा चेहरा सोसायटीतील निम्म्या लोकांनी कधी पाहिलेला नाही, तरी त्यांच्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली असूनही त्यांनी दहा मिनिटांत किल्ली कोणाकडे आहे ते कळवले आणि ‘गिझरचे बटण स्वयंपाकघराच्या दाराआड आहे’ असेही लिहिले. साडेसात वाजेपर्यंत चार कुटुंबे आमच्याकडे आली होती. कोणाकडे गाद्या, कोणाकडे बाळाचे दूध, कोण चहा करणार, कोण औषधे आणणार याची वाटणी ग्रुपवर झाली होती आणि त्यासाठी एकही बैठक घ्यावी लागली नव्हती. सूचनाफलकाने किंवा जिन्यातल्या हाकेने हे काम झाले नसते, कारण किल्ल्यांचे मालक हाकेच्या टप्प्यात नव्हतेच.

त्याच सकाळी त्याच ग्रुपवर ‘धरण फुटले आहे, मिळेल ते घेऊन बाहेर पडा’ अशी घाबऱ्या आवाजातील एक ध्वनिफीतही येऊन पडली आणि पाच मिनिटांत तिघांनी ती पुढे ढकलली. पुण्यात या शब्दांचा अर्थ नुसता शब्दकोशातला नसतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा आमच्या ‘ब’ इमारतीतील आजी शनिवार पेठेत राहत होत्या आणि त्यांचे संसारातले एक पितळी पातेलेही उरले नव्हते. ती ध्वनिफीत नातवाच्या फोनवर ऐकल्यावर त्यांच्या हातापायांतले बळ गेले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी मग दोनच वाक्ये लिहिली. दरवाजे उघडून पाणी सोडणे वेगळे आणि धरण फुटणे वेगळे, आणि विसर्गाचे आकडे आपण दर तासाला ग्रुपवर टाकू, एवढाच त्यांचा मजकूर होता. त्यांनी दिवसभर ते आकडे टाकले आणि सोसायटी शांत राहिली. ते काका त्या दिवशी गावी गेले असते तर काय झाले असते, हा विचार मला त्यानंतर पुष्कळदा सतावून गेला आहे. जाणकार माणूस जागा असणे ही ॲपची सोय नव्हे, तो निव्वळ योगायोग होता.

पुढे जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलेन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडू लागले. पुण्याच्या परिसरातील संशयित रुग्णांची संख्या पाहता पाहता दोनशेपलीकडे गेली आणि पाण्यावर संशय घेतला जाऊ लागला. ग्रुपवर एका सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिकेने पाण्यातील क्लोरीन मोजण्याचा साधा संच आणण्याचे सुचवले. वर्गणी गोळा झाली, आणि रोज सकाळी टाकीच्या व टँकरच्या पाण्याचे वाचन छायाचित्रासह ग्रुपवर येऊ लागले. एकदा टँकरच्या पाण्यात क्लोरीन आढळलेच नाही, तेव्हा तो टँकर टाकीत रिकामा न करता परत पाठवता आला. इतक्या नेमक्या उपयोगाला मी पैकीच्या पैकी गुण देईन. मात्र याच काळात चिकनमुळे हा आजार होतो असे कोणीतरी लिहिले आणि आमच्या फाटकासमोरचे दुकान तीन आठवडे ओस पडले. दुकानदार आमच्या ग्रुपमध्ये नव्हते. त्यांनी मला विचारले, “ताई, तुमच्या लोकांनी माझ्याबद्दल काय लिहिलंय?” त्यांच्याबद्दल एक अक्षरही लिहिलेले नव्हते, पण ते ऐकून त्यांचे समाधान होण्याचे काही कारण नव्हते. ज्यांनी तो संदेश टाकला त्यांना मी दुरुस्ती टाकण्याची विनंती केली, तर त्यांचे म्हणणे पडले की त्यांनी तो फक्त पुढे पाठवला होता.

हे ‘फक्त पुढे पाठवला’ प्रकरण महाराष्ट्राने फार महागात अनुभवलेले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पाठवता येईल अशी मर्यादा आणण्याचे जाहीर केले. आमच्यासारख्या सुशिक्षित वस्तीला राईनपाडा फार दूरचे वाटते. मलाही वाटत असे, पण नोव्हेंबर २०२३ मधील एका दुपारी ते मत बदलले. कोणीतरी सीसीटीव्हीतील एका पाठपिशवीवाल्या तरुणाचे चित्र टाकून ‘दोन दिवस आपल्या आवारात फिरतो आहे, सावध राहा’ असे लिहिले. वीस मिनिटांत चाळीसहून अधिक संदेश आले. त्यांत त्याचे कपडे, त्याची दाढी, तो कुठल्या राज्यातून आला असावा याचे अंदाज आणि वॉचमनला काढून टाकण्याची मागणी इतके सगळे होते. तो तरुण रुग्णसेवक होता. ‘ड’ इमारतीतील अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची रात्रपाळी त्याने स्वीकारली होती आणि घर नीट पाहून घेण्यासाठी तो दोनदा येऊन गेला होता. आजोबांच्या कन्येने कचेरीतून हे सर्व वाचले आणि त्यालाही ते कोणीतरी दाखवले. तो पुन्हा आला नाही. संदेश टाकणाऱ्याने ‘क्षमस्व, गैरसमज झाला’ असे लिहून हात जोडल्याचे चिन्ह टाकले, पण त्या मुलाचे चित्र शंभर-दीडशे फोनांत आजही पडून असेल.

अमेरिकेत याच कामासाठी नेक्स्टडोर नावाचे संकेतस्थळ व ॲप २०११ पासून चालते. त्यात खरा पत्ता पडताळल्याशिवाय प्रवेश मिळत नाही, म्हणजे आमच्या ग्रुपप्रमाणेच तेथेही सारे ओळखीचे आणि नावानिशी. तरीही कॅलिफोर्नियातील ओकलंडमध्ये केवळ कृष्णवर्णीय आहे म्हणून एखाद्याला संशयित ठरवणारे संदेश टाकले जात असल्याची तक्रार २०१५ मध्ये जोरात पुढे आली आणि दुसऱ्या वर्षी कंपनीने संशयास्पद हालचालीविषयी लिहिण्याचा अर्जच बदलला. माणसाचा वंश सांगण्याआधी त्याने नेमके काय केले ते लिहावे लागेल, अशी ती रचना होती. हे वाचल्यावर मी आमच्या ग्रुपवरचा तो जुना मजकूर पुन्हा पाहिला. त्या चाळीस संदेशांत त्या मुलाने काय केले याविषयी एकच माहिती होती, की तो लिफ्टपाशी उभा होता.

भांडणांविषयी मात्र मी थोडक्यात आटोपते, कारण ज्यांच्या फोनवर सोसायटीचा ग्रुप आहे त्यांना ती तोंडपाठ असतील. पाहुण्यांच्या पार्किंगवर आमच्याकडे दोन दिवसांत तीनशे संदेश झाले. एका ज्येष्ठ काकांनी लिहिलेला ‘बरं’ हा एक शब्द तिघांनी टोमणा म्हणून घेतला. काकांना खरोखरच बरे वाटले होते. मग कोणीतरी ग्रुपवरच मतदान लावले, ६१ विरुद्ध ९ असा निकाल लागला, आणि आता समितीने तो अमलात आणावा असा आग्रह सुरू झाला. सहकारी गृहनिर्माण संस्थेत निर्णय सर्वसाधारण सभेत होतो. वार्षिक सभेला चौदा दिवस आधी सूचना द्यावी लागते, विषयपत्रिका लागते, इतिवृत्त लागते. ग्रुपवरील मतदानात भाडेकरूंनी मत दिले होते आणि एकाच घरातील नवरा-बायको दोघांनीही दिले होते. हे समजावून सांगताना मी ‘कायद्याचा बाऊ करणारी बाई’ ठरले. सप्टेंबरच्या सभेला प्रत्यक्षात ३४ जण आले आणि हाच विषय पंचवीस मिनिटांत चहा येण्यापूर्वी मिटला, कारण समोरासमोर बसल्यावर तीनशेपैकी दोनशे ऐंशी वाक्ये कोणाला उच्चारावीशी वाटली नाहीत.

माझी सर्वांत मोठी हरकत मात्र भांडणांना नाही, अफवांनाही नाही. ती ॲपमधील एका सोयीला आहे, आणि ती सोय विकताना कंपनीचा प्रतिनिधी फार अभिमानाने दाखवतो. घरकामाला येणाऱ्या मावश्या, गाड्या धुणारी मुले, स्वयंपाकाच्या ताई यांना पाचपैकी किती तारे द्यायचे ते आपण ठरवतो आणि हे गुण सर्व सोसायटीला दिसतात. आमच्याकडे पाच घरी भांडी-फरशी करणाऱ्या एका मावशींनी दिवाळीनंतर प्रत्येक घरी तीनशे रुपये वाढवून मागितले. दोन घरांना ते पटले नाही आणि त्यांनी मावशींचे तारे कमी केले. पुढे नव्याने राहायला आलेल्या एका कुटुंबाने मावशींना कामावर ठेवता ठेवता बेत बदलला. आपल्याला गुण दिले जातात हेच मावशींना माहीत नव्हते, ते त्यांना वॉचमनने सांगितले. त्यांनी मला विचारले, “ताई, मी कुणाला तारे द्यायचे? पगार वेळेवर न देणाऱ्यांना देता येतात का?” याला उत्तर नव्हते, कारण ॲपमध्ये त्यांचा चेहरा आहे, क्रमांक आहे, रोजची येण्या-जाण्याची वेळ आहे, फक्त त्यांचे म्हणणे लिहिण्याची जागा नाही. हजेरीचेही तसेच. मागच्या फाटकाने आल्यास नोंद होत नाही, आणि अशा न झालेल्या नोंदीवर बोट ठेवून एका घराने त्यांचे दोन दिवसांचे पैसे कापले. ज्या घराच्या चकचकीत ओट्यावर त्या दोन दिवसांचा पुरावा समोर दिसत होता, त्या घराने!

ग्रुप चालवणाऱ्यांचीही एक बाजू आहे. ॲडमिन म्हणून माझे नाव असल्याने कोणी काही भलते टाकले तर पोलीस मला धरतील, अशी भीती मला पहिले काही महिने होती. सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, त्यात संगनमत नसेल तर, केवळ ॲडमिन असल्यामुळे कोणी दोषी ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली स्पष्ट केले आहे, हे आमच्यातील एका वकिलांनी दाखवले तेव्हा जीव भांड्यात पडला. त्या काळी ॲडमिनला इतरांनी टाकलेला संदेश पुसताही येत नसे. २०२२ मध्ये इतरांचा संदेश सर्वांसाठी पुसण्याची सोय आली आणि तेव्हापासून ‘माझाच संदेश का पुसला’ हा नवा विषय सुरू झाला.

गेल्या वर्षी आम्ही रचना बदलली. त्यात एक कल्पना अमेरिकेतील व्हर्मांट राज्यात चालणाऱ्या फ्रंट पोर्च फोरम या सेवेवरून सुचली. तेथे शेजाऱ्यांचे संदेश आधी माणसे वाचतात आणि मग ते दिवसातून एकदा एकत्रितपणे सर्वांना पाठवले जातात, त्यामुळे रागाच्या भरात लिहिलेल्याला राग ओसरेपर्यंत थांबावे लागते. आम्ही एक ग्रुप फक्त सूचनांसाठी ठेवला, ज्यात समितीच लिहू शकते आणि तातडीचे नसलेले सारे संध्याकाळी सात वाजता एकदाच येते. दुसरा ग्रुप केवळ मदतीसाठी ठेवला. विरजणापासून वॉकरपर्यंत आणि कढीपत्त्यापासून रक्तदात्यापर्यंत तेथे काहीही मागावे, पण चर्चा करू नये. कोणत्याही माणसाचे चित्र समितीला दाखवल्याशिवाय टाकायचे नाही आणि तक्रार ॲपमध्येच नोंदवायची, असे आणखी दोन नियम केले. पहिल्या महिन्यात सात जण ‘ही हुकूमशाही आहे’ असे म्हणून बाहेर पडले आणि त्यांतील पाच जण पाणी बंद राहणार असल्याची सूचना चुकल्यावर परत आले. गप्पांसाठी काहींनी वेगळा ग्रुप काढला आहे. मी त्यात नाही, त्यामुळे तो फार चांगला चालला आहे असे ऐकते.

एक उणीव या सगळ्या रचनेनेही भरून निघालेली नाही. आमच्या चौदा घरांत केवळ वृद्ध माणसे आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांना स्मार्टफोनवर आलेला फोन उचलण्यापलीकडे काही जमत नाही, जमवून घ्यायची इच्छाही नाही. सर्व काही ग्रुपवर कळवले जाऊ लागल्यावर लिफ्टजवळच्या काचेच्या सूचनाफलकाची किल्ली कोणाकडे आहे तेही समिती विसरली होती. पाणी येणार नाही हे ‘ब’ इमारतीतील आजींना नळ सोडल्यावर कळे. आता संध्याकाळी सातच्या सूचनांची एक छापील प्रत वॉचमन फलकावर लावतो आणि तिच्यासमोर रोज चार-पाच जण चष्मा सावरत उभे असतात.

नवी सोसायटी यांपैकी काय घ्यावे असे विचारणार असेल, तर माझे मत असे : तक्रारींची आणि बिलांची नोंद ठेवणाऱ्या ॲपसाठी पैसे जरूर द्यावेत, मात्र फाटकावर घेतलेली माहिती किती दिवसांनी पुसली जाईल ते करारात लिहून घ्यावे. मदतीचा ग्रुप पहिल्याच दिवशी सुरू करावा. त्याला काही खर्च नाही आणि जुलै महिना दर वर्षी येतो. शेजारचर्चेचा विभाग बंद करून मागावा. आमच्या ॲपचा करार येत्या एप्रिलमध्ये संपतो आहे. नूतनीकरणाच्या सभेत मी एकच दुरुस्ती मांडणार आहे, की घरकाम करणाऱ्यांना तारे देण्याची सोय जी कंपनी काढून देईल तिच्याशीच करार करावा. विद्यमान कंपनीच्या प्रतिनिधीला मी हे फोनवर सांगितले, तेव्हा तो म्हणाला की हीच सोय सभासदांना सर्वांत जास्त आवडते. सभेत हात वर होतील तेव्हा तेही कळेल.